गृहप्रक्षेपक

घरातील खोलीत चित्रपट, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम व संगणकीय खेळ मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या प्रकाशीय-इलेक्ट्रॉनीय उपकरणास गृहप्रक्षेपक म्हणतात. प्रकाशस्रोत, त्या प्रकाशाला चित्राचे रूप देणारा लहान चित्रपट्ट आणि ते चित्र विवर्धित करून पडद्यावर पाडणारी भिंगयोजना हे त्याचे तीन मुख्य भाग होत. दूरचित्रवाणी संचाचा पडदा स्वतः प्रकाश देतो. प्रक्षेपकाचा पडदा मात्र आपल्यावर पडेल तो प्रकाश केवळ परत पाठवितो, मग तो प्रक्षेपकातून आलेला असो वा खिडकीतून. या एका भेदातून गृहप्रक्षेपकाचे गुण, त्याच्या मर्यादा व त्याच्या निवडीतील बहुतेक चुका उद्‌भवतात. त्यामुळे प्रक्षेपकाची निवड खोलीपासून सुरू करून पडद्याकडे, पडद्यापासून अंतराकडे व अखेरीस उपकरणाकडे येणे हाच योग्य क्रम ठरतो. प्रत्यक्षात तो बहुधा उलट पाळला जातो : आधी उपकरण घेतले जाते व मग त्याला जागा शोधली जाते.

इतिहास : काचपट्टीवरील चित्र दिव्याच्या साहाय्याने भिंतीवर पाडणारा जादूचा कंदील सतराव्या शतकात यूरोपात प्रचारात आला. डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ यांच्या १६५९ मधील टिपणांत त्याची आकृती आढळते. महाराष्ट्रात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने अशा चित्रांचे खेळ केले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. घरगुती वापरासाठी फ्रान्समध्ये पाते कंपनीने १९२२ मध्ये ९·५ मिमी. रुंदीची आणि अमेरिकेत कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिमी. व १९३२ मध्ये ८ मिमी. रुंदीची फिल्म बाजारात आणली. १९६५ मध्ये निघालेली ‘सुपर ८’ फिल्म ही या मालिकेतील अखेरची महत्त्वाची पायरी होय. ही साधने मुख्यतः हौशी छायाचित्रकाराने स्वतः घेतलेली चित्रे पाहण्यासाठी होती. पूर्ण लांबीचा चित्रपट घरी पाहणे खर्चाचे व दुर्मिळ होते.

दूरचित्रवाणीचा संकेत मोठ्या पडद्यावर पाडण्यासाठी १९७० च्या दशकापासून तीन ऋण किरण नलिकांचे (तांबडी, हिरवी व निळी) प्रक्षेपक घरांत येऊ लागले. ते अवजड व अंधुक असत आणि तिन्ही चित्रे एकमेकांवर अचूक बसविण्यासाठी कुशल माणूस लागे. तथापि चित्रातील काळा भाग नलिका जवळजवळ पूर्ण काळाच ठेवीत असल्यामुळे जाणकारांनी ते २००० नंतरही काही वर्षे जपून वापरले. १९८९ मध्ये जपानच्या एप्सन कंपनीने तीन द्रवस्फटिक पट्टांचा प्रक्षेपक विक्रीस आणला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये सूक्ष्म आरशांचा चित्रपट्ट तयार केला व त्यावर आधारलेले प्रक्षेपक १९९६ पासून मिळू लागले.

चित्र तयार करण्याच्या पद्धती : (१) द्रवस्फटिक पद्धतीत पांढरा प्रकाश तीन रंगांत विभागून प्रत्येक रंग आपापल्या पारदर्शक द्रवस्फटिक पट्टातून नेतात आणि लोलकाने तिन्ही चित्रे एकत्र करतात. तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर पडतात. पट्ट प्रकाश पूर्णपणे अडवू शकत नसल्याने काळा रंग काहीसा करडा दिसतो. (२) सूक्ष्म आरशांच्या पद्धतीत अर्धसंवाहक चकतीवर लक्षावधी आरसे बिजागरीवर बसविलेले असतात. प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा सु. १०° ते १७° कोनात कलतो व प्रकाश भिंगाकडे किंवा बाजूच्या शोषकाकडे वळवितो. भिंगाकडे वळण्याचा काळ जितका अधिक तितका तो चित्रबिंदू उजळ दिसतो. घरगुती नमुन्यांत बहुधा एकच पट्ट असल्यामुळे रंग एकामागून एक पाडावे लागतात. त्यासाठी फिरती रंगचकती किंवा आळीपाळीने लागणारे रंगीत प्रकाशस्रोत वापरतात. मेंदू हे रंग एकत्र करतो. परंतु काही प्रेक्षकांना, विशेषतः नजर वेगाने फिरविताना, उजळ वस्तूंच्या कडांना इंद्रधनुष्यासारख्या रंगीत रेषा दिसतात. हा त्रास एकाला होतो व शेजाऱ्याला मुळीच होत नाही, म्हणून असा प्रक्षेपक घेण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने तो एकदा पाहणे इष्ट असते. (३) परावर्तक द्रवस्फटिक पद्धतीत द्रवस्फटिकाचा थर सिलिकॉनच्या आरशासारख्या पृष्ठावर दिलेला असतो. तिच्यात काळा रंग सर्वांत गडद मिळतो व किंमतही सर्वाधिक असते. जेव्हीसी व सोनी या जपानी कंपन्यांचे उंची प्रक्षेपक या प्रकारचे आहेत.

प्रकाशस्रोत म्हणून उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा दीर्घकाळ वापरात होता व अनेक नमुन्यांत अजूनही आहे. त्याचे आयुष्य सर्वसाधारणपणे ३,००० ते ५,००० तास असते. ४,००० तासांचा दिवा रोज तीन तास वापरल्यास साडेतीन वर्षांहून थोडा अधिक टिकतो. पण त्याची दीप्ती त्याआधीच, पहिल्या काहीशे तासांपासून, घटू लागते. लेसर स्रोताचे आयुष्य सु. २०,००० तास सांगितले जाते. येथे ‘आयुष्य’ म्हणजे स्रोत बंद पडण्याचा काळ नव्हे, तर दीप्ती निम्म्यावर येण्याचा काळ होय. बहुतेक लेसर प्रक्षेपकांत निळे लेसर फॉस्फराच्या थरावर पाडून पिवळा प्रकाश मिळवितात. उंची नमुन्यांत तीन रंगांचे स्वतंत्र लेसर असतात. या दुसऱ्या प्रकारात रंग अधिक शुद्ध येतात, मात्र पडद्यावर बारीक चमचमता रवा जाणवू शकतो. दिवा बदलता येतो. लेसर स्रोत बहुधा घरी बदलता येत नाही, ही गोष्ट दीर्घायुष्याच्या जाहिरातीत सहसा येत नाही.

अंधार व काळा रंग : प्रक्षेपक प्रकाश पाडू शकतो, अंधार पाडू शकत नाही. प्रक्षेपक बंद असताना पांढरा पडदा जेवढा उजळ दिसतो, त्याहून काळा रंग त्या खोलीत त्या पडद्यावर कधीही दिसणार नाही, मग उपकरण कितीही महाग असो. चालू असताना पडद्यावर जे ‘काळे’ दिसते ते शेजारच्या उजळ भागाच्या तुलनेने डोळ्याला काळे वाटलेले पांढरे कापड असते.

याचे गणित सोपे आहे. २५४ सेंमी. (१०० इंच) कर्णाचा, १६ : ९ प्रमाणाचा पडदा २२१ सेंमी. रुंद व १२५ सेंमी. उंच असतो आणि त्याचे क्षेत्रफळ सु. २·७६ चौ. मी. भरते. चित्रपटगृहांतील अंकीय प्रक्षेपणासाठी पांढऱ्या रंगाची दीप्ती दर चौ. मी. ला ४८ कँडेला असावी असे मानक आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर ही दीप्ती मिळविण्यासाठी पडद्याच्या क्षेत्रफळास ४८ ने व π ने गुणावे लागते. म्हणजे या पडद्यास सु. ४१५ लुमेन प्रकाश पुरतो. १२० इंची पडद्यास सु. ६००, तर १५० इंची पडद्यास सु. ९३५ लुमेन लागतात. २,००० किंवा ३,००० लुमेनांच्या जाहिराती वाचणाऱ्यास हे आकडे आश्चर्यकारक वाटतील. परंतु ते पूर्ण अंधाऱ्या खोलीचे आहेत.

आता त्याच खोलीत संध्याकाळचे दिवे लावले व पडद्यावर १०० लक्स प्रदीपन झाले असे मानू. पांढरा पडदा त्यामुळे सर्वत्र सु. ३२ कँडेला दीप्तीने उजळतो. चित्रातील काळा भाग ३२ व पांढरा भाग ४८ + ३२ = ८० कँडेलांचा होतो; दोहोंचे गुणोत्तर केवळ अडीचास एक उरते. प्रक्षेपकाच्या पेटीवर ‘दहा लाखास एक’ असे विरोधगुणोत्तर छापलेले असले तरी त्यात फरक पडत नाही. दिवे मालवून, पडदे ओढून तेच प्रदीपन १ लक्सवर आणल्यास गुणोत्तर सु. १५० होते. म्हणजे दाट कापडाच्या दोन पडद्यांनी जो लाभ होतो तो प्रक्षेपकाची किंमत तिप्पट करूनही होत नाही. रात्रीचे दृश्य असलेला चित्रपट उजेडात पाहताना चेहरे व पार्श्वभूमी एकाच करड्या रंगात मिसळून जातात, याचे कारण हेच होय.

खोली पूर्ण अंधारी केली तरी पडद्यावरचा प्रकाश पांढऱ्या छतावर व भिंतींवर आदळून पुन्हा पडद्याकडे येतो. पडद्याजवळील छताचा व बाजूच्या भिंतींचा निदान एक-दीड मीटरचा भाग गडद, चकाकी नसलेल्या रंगाने रंगविल्यास किंवा कापडाने झाकल्यास चित्रात जो बदल होतो तो प्रथमदर्शनीच जाणवतो. घरातील इतर मंडळींना दिवाणखान्याचे छत काळे करणे सहसा रुचत नाही. अशा वेळी गडद पडदे रुळावर लावून ते गरजेपुरते पुढे ओढणे ही तडजोड बरी. ज्या घरात पाहणे मुख्यतः दिवसा, येताजाता व दिवे लावून होते, तेथे मोठा दूरचित्रवाणी संच हाच अधिक योग्य पर्याय आहे.

लुमेनांचे आकडे : प्रक्षेपकाचा एकूण प्रकाश मोजण्याची पद्धत अमेरिकन नॅशनल स्टँडर्ड्‌स इन्स्टिट्यूटने १९९२ मध्ये ठरविली. पडद्याचे नऊ समान भाग करून प्रत्येकाच्या मध्यावरील प्रदीपन मोजतात व त्यांच्या सरासरीस क्षेत्रफळाने गुणतात. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेचे २१११८ क्रमांकाचे मानकही याच पद्धतीचे आहे. या दोहोंपैकी एकाचा उल्लेख असलेला आकडाच तुलनेस घ्यावा. स्वस्त नमुन्यांच्या वेष्टनांवर आढळणारे ‘९,००० लुमेन’ यांसारखे आकडे पुष्कळदा दिव्यापाशी मोजलेल्या किंवा कोणत्याच पद्धतीने न मोजलेल्या प्रकाशाचे असतात. पडद्यावर त्याचा लहानसा अंशच पोहोचतो. मानकानुसार दिलेला आकडाही उपकरणाच्या सर्वांत प्रखर अवस्थेतला असतो व त्या अवस्थेत चित्रावर बहुधा हिरवट झाक येते. रंग यथायोग्य असलेल्या चित्रपट-अवस्थेत प्रकाश पुष्कळदा निम्म्यापर्यंत उतरतो आणि दिवा जुना झाला की त्याच्याही निम्मा होतो. याप्रमाणे २,००० लुमेनांच्या दिव्याच्या प्रक्षेपकातून अखेरीस सु. ५०० लुमेन उरतात. अंधाऱ्या खोलीत १०० इंची पडद्यास ते पुरतात, १५० इंचीस नाहीत.

विरोधगुणोत्तराच्या आकड्यांवर विसंबणे त्याहून धोक्याचे आहे. पूर्ण पांढरे चित्र व पूर्ण काळे चित्र आळीपाळीने दाखवून, काळ्या चित्राच्या वेळी प्रकाशस्रोतच मंद करून जे गुणोत्तर काढतात, ते एकाच चित्रातील उजेड व सावली यांविषयी काहीच सांगत नाही.

पडदा व अंतर : मॅट पांढऱ्या पडद्याचा लाभांक १ मानतात, तो सर्व दिशांना सारखा प्रकाश परत पाठवितो. लाभांक वाढविला की समोर बसणाऱ्यास चित्र उजळ दिसते व कडेला बसणाऱ्यास मंद. काही पडद्यांवर मध्यभागी प्रखर ठिपका जाणवतो. करडा पडदा काळा रंग गडद करतो, पण तितका प्रकाश गमावतो. खोलीतील प्रकाश टाळणारे पडदेही मिळतात. त्यांच्या पृष्ठावर सूक्ष्म आडव्या धारा असून खालून येणारा प्रक्षेपकाचा प्रकाश त्या प्रेक्षकाकडे व वरून येणारा दिव्याचा प्रकाश शोषक भागाकडे वळवितात. भिंतीलगत ठेवावयाच्या अतिलघुपल्ल्याच्या प्रक्षेपकास असा पडदा जवळजवळ आवश्यकच असतो. छतावर टांगलेल्या साध्या प्रक्षेपकास तोच पडदा निरुपयोगी ठरतो, कारण त्याचा प्रकाशही वरूनच येतो. गुळगुळीत लांबी भरलेल्या भिंतीवर मॅट पांढरा रंग देऊन प्रारंभ करण्यास हरकत नाही. मात्र भिंतीचा खडबडीतपणा तिरप्या प्रकाशात उठून दिसतो. कडेने काळी मखमली पट्टी लावल्यास चित्राची कड स्वच्छ दिसते.

पडद्याचा आकार प्रेक्षकाच्या अंतरावर ठरवावा. पडद्याची रुंदी डोळ्याशी ३०° ते ४०° कोन करील असे आसन चित्रपटास योग्य समजतात. २२१ सेंमी. रुंदीच्या पडद्यासाठी हे अंतर सु. ४·१ मी. ते ३ मी. येते. खेळणाऱ्यास अंतर थोडे अधिक असलेले बरे, कारण पडद्याच्या कोपऱ्यांत दाखविलेले नकाशे व गुणसंख्या पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागता कामा नये. पडदा विकत घेण्यापूर्वी त्या मापाची जुनी चादर किंवा वर्तमानपत्रे भिंतीवर चिकटवून नेहमीच्या आसनावरून आठवडाभर पाहणे हा बिनखर्चाचा व खात्रीचा उपाय होय. पडद्याची खालची कड फार वर गेल्यास मान अवघडते, हे त्यात पहिल्याच दिवशी कळते.

सूक्ष्मतेचा प्रश्नही अंतराशी निगडित आहे. निरोगी डोळा साधारणतः एक कला (अंशाचा साठावा भाग) एवढ्या कोनातील तपशील वेगळा ओळखतो. वरील पडद्यावर १,९२० चित्रबिंदू रुंदीचे चित्र पाडल्यास एक बिंदू सु. १·१५ मिमी. चा होतो व तो सु. ४ मी. पलीकडून वेगळा दिसत नाही. ३,८४० बिंदूंच्या चित्रात ही मर्यादा सु. २ मी. वर येते. म्हणजे ३ मी. वर बसणाऱ्यास अधिक सूक्ष्म चित्राचा लाभ होतो, साडेचार मीटरवरच्यास तो नाममात्र. सूक्ष्म आरशांच्या पुष्कळ प्रक्षेपकांत पट्टावर प्रत्यक्ष १,९२० × १,०८० आरसेच असतात व प्रत्येक चित्र चार वेळा किंचित सरकवून पाडून ३,८४० × २,१६० बिंदू पुरे केले जातात. ही फसवणूक नव्हे; परिणाम खरोखर सूक्ष्म असतो. परंतु ‘४के संकेत स्वीकारतो’ एवढेच म्हणणारा प्रक्षेपक ते चित्र आत आक्रसून १,२८० बिंदूंवरही दाखवीत असेल. म्हणून चित्रपट्टाची मूळ बिंदुसंख्या विचारून घ्यावी.

रुंदपडदा चित्रपटांचे प्रमाण सु. २·३९ : १ असते (भारतात हा प्रकार १९५९ च्या कागज के फूल या हिंदी चित्रपटाने आणला). १६ : ९ पडद्यावर असा चित्रपट उंचीचा तीनचतुर्थांश भागच व्यापतो व वरखाली पट्टे राहतात. हे पट्टे ‘काळे’ असले तरी त्यांवर थोडा प्रकाश पडतच असतो. काळा रंग कच्चा असलेल्या प्रक्षेपकाची ती पहिली ओळख होय.

प्रक्षेपकाचे पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी यास प्रक्षेपण गुणोत्तर म्हणतात. १·५ गुणोत्तराच्या प्रक्षेपकास वरील पडद्यासाठी सु. ३·३ मी. अंतर लागते, शहरी सदनिकेतील ३ मी. खोलीत तो बसतच नाही. तेथे १·२ किंवा त्याहून कमी गुणोत्तर हवे. अतिलघुपल्ल्याचे उपकरण सु. ०·२५ गुणोत्तरामुळे पडद्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवता येते, पण पडदा काटेकोर सपाट नसेल तर चित्राच्या रेषा लहरतात. भारतीय घरांत आणखी एक अडचण छताच्या पंख्याची असते. किरणमार्गात पंख्याची पाती आली की चित्र थरथरते आणि पंख्याजवळच्या हुकाला टांगलेला प्रक्षेपक त्याच्या कंपनाने हलतो. टांगण्याची जागा ठरविताना पंखा चालू ठेवूनच पाहावे.

प्रक्षेपक पडद्याच्या मध्यरेषेवर नसल्यास चित्र समलंब चौकोनी होते. भिंगच वरखाली व बाजूला सरकविण्याची सोय असेल तर ते चित्राची हानी न होता सरळ करता येते. ही सोय नसलेल्या उपकरणांत चित्रच उलट दिशेने वाकवून पाडतात; त्यात काही चित्रबिंदू वाया जातात, रेषा बोथट होतात व खेळात विलंब वाढतो. मेजावर कोठेही ठेवा, चित्र आपोआप सरळ होईल, या आश्वासनाची ही किंमत आहे.

चित्रपट व खेळ यांच्या भिन्न गरजा : चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. ६० हर्ट्‌झच्या संकेतात तो बसविताना एक चित्र दोनदा व पुढचे तीनदा दाखवावे लागते आणि कॅमेरा संथपणे बाजूला फिरत असताना हिसके जाणवतात. संकेत देणारे उपकरण व प्रक्षेपक दोन्ही २४ हर्ट्‌झवर ठेवल्यास हा दोष जातो. मधली चित्रे स्वतः रचून हालचाल गुळगुळीत करणारी सोय क्रिकेटच्या प्रक्षेपणास चांगली, पण तिने चित्रपटाला दूरचित्रवाणी मालिकेचे रूप येते. ती बंद ठेवणे श्रेयस्कर. विस्तृत दीप्तिपल्ल्याचे (एचडीआर) चित्रपट १,००० कँडेला व त्याहून अधिक दीप्ती गृहीत धरून तयार केले जातात. प्रक्षेपकाच्या पडद्यावर ५० ते १५० कँडेलाच मिळत असल्याने प्रखर भाग दाबून बसवावे लागतात. हे काम ज्या उपकरणात कुशलतेने होत नाही, त्यात असा चित्रपट साध्या आवृत्तीपेक्षा काळोखा दिसतो. तसे झाल्यास साधी आवृत्ती पाहण्यात कमीपणा नाही.

खेळात प्रश्न वेगळाच असतो. कळ दाबल्यापासून तिचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो काळ जातो, त्यातील प्रक्षेपकाचा वाटा म्हणजे त्याचा संकेत-विलंब. चित्र सुधारण्याच्या, वाकविण्याच्या व गुळगुळीत करण्याच्या प्रत्येक क्रियेस काही चित्रे साठवून ठेवावी लागतात, आणि ६० हर्ट्‌झला एक चित्र म्हणजे सु. १६·७ मिलिसेकंद. चित्रपट-अवस्थेत काही प्रक्षेपकांचा विलंब १०० मिलिसेकंदांपर्यंत किंवा पुढे जातो. चित्रपटात तो कळतही नाही, फक्त आवाज तितकाच मागे घ्यावा लागतो. पण क्रिकेटच्या खेळात ताशी १४० किमी. वेगाच्या चेंडूने तेवढ्या काळात सु. ४ मी. अंतर कापलेले असते. फलंदाज चेंडू पाहतो तेव्हा तो खरोखर पुढे निघून गेलेला असतो. खेळणारा आपल्या हाताला दोष देत राहतो. खेळ-अवस्थेत या क्रिया वगळून विलंब सु. १५ ते ४० मिलिसेकंदांवर आणता येतो व १२० हर्ट्‌झ किंवा अधिक वारंवारतेच्या चित्रात काही नमुन्यांत १० च्या खालीही जातो. संथ कोडी व साहसकथांच्या खेळांना ४० मिलिसेकंद चालतात, मारामारी व शर्यतींच्या खेळांना २० च्या आतले पाहावेत. ३,८४० बिंदूंचे चित्र १२० हर्ट्‌झने हवे असल्यास २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २·१ मानकाचे जोडस्थान लागते. २·० मानकात ते पूर्ण स्वरूपात मावत नाही. कमी विलंबाची अवस्था आपोआप निवडण्याची सोयही या नव्या मानकात आहे. नसल्यास ती दर वेळी हाताने लावावी लागते, आणि खेळानंतर चित्रपट लावताना बदलण्याचे विसरले जाते.

ध्वनी व जोडण्या : प्रक्षेपकातील ध्वनिक्षेपक लहान असतात व उपकरण मागे असेल तर संवाद प्रेक्षकाच्या पाठीमागून ऐकू येतात. स्वतंत्र ध्वनियंत्रणा हाच उपाय. बिनतारी ध्वनिक्षेपकांत स्वतःचा विलंब असल्याने खेळासाठी तारेची जोडणी बरी. पंख्याचा आवाज शांत प्रसंगी खटकतो. अंगभूत संगणक असलेल्या स्वस्त नमुन्यांत काही चित्रपटसेवांची अधिकृत मान्यता नसते व चित्र कमी सूक्ष्मतेचेच येते. बाहेरून वेगळे उपकरण जोडून ते टाळता येते.

वापर व निगा : प्रक्षेपक चालू असताना भिंगात डोकावू नये. भिंतीलगतच्या लेसर प्रक्षेपकाचे भिंग लहान मुलांच्या उंचीवर येत असल्याने येथे विशेष दक्षता लागते. परावर्तित प्रकाशामुळे डोळे शिणत नाहीत असे विक्रेते सांगतात. डोळ्यांच्या दृष्टीने प्रकाश कोठून आला यापेक्षा त्याची तीव्रता, भोवतालचा काळोख व सलग पाहण्याचा काळ यांना अधिक महत्त्व आहे. पडद्यामागे मंद, पांढरा दिवा लावल्यास ताण कमी होतो. त्याचा उजेड पडद्याच्या दर्शनी बाजूवर येऊ देऊ नये.

घरी कुटुंबीयांसमवेत चित्रपट पाहण्यास वेगळा परवाना लागत नाही; परंतु तोच चित्रपट गृहनिर्माण संस्थेच्या आवारात किंवा उत्सवाच्या मंडपात लोकांना दाखविणे हे भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कक्षेत येते व त्यासाठी हक्कधारकाची अनुमती घ्यावी लागते.

पाऱ्याचा दिवा विझल्यावरही काही मिनिटे पंखा चालू राहून तो थंड व्हावा लागतो. वीज एकाएकी गेल्यास पंखाही थांबतो व दिव्याचे आयुष्य घटते. वीज वारंवार जाणाऱ्या गावी १० मिनिटे पुरेल एवढा विद्युत् घटमालेचा आधार त्यास द्यावा. बहुतेक घरगुती प्रक्षेपक २०० ते ३५० वॉट वीज घेतात. लेसर स्रोतास हा धोका बराच कमी आहे. हवेच्या गाळण्या महिन्या-दोन महिन्यांनी झटकाव्यात, रस्त्यालगतच्या घरी अधिक वेळा. बंदिस्त प्रकाशयोजना नसलेल्या द्रवस्फटिक प्रक्षेपकात धुळीचा कण पट्टावर बसल्यास पडद्यावर रंगीत धूसर डाग दिसतो व तो काढण्यासाठी उपकरण उघडावे लागते. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरू शकते. त्या दिवसांत प्रक्षेपक आठवड्यातून दोनतीनदा तासभर चालविणे, आणि बराच काळ वापरावयाचा नसल्यास सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद पेटीत ठेवणे उपयुक्त ठरते. जुना पाऱ्याचा दिवा घरच्या कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनीय कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा; तो फुटल्यास खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे व तुकडे हातमोजे घालून उचलावेत.